फोनचा कॅमेरा आणि आजोबांची ट्रंक

पुणे

तीर्थस्वरूप बाबा आणि सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला दिलेला फोन लग्नकार्यापुरता आणि नातवंडांच्या फोटोंपुरताच कपाटातून बाहेर निघतो, असे ताई सांगत होती. ते फोटो जरूर काढावेत. परंतु त्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग माणसांपेक्षा कागदांसाठी अधिक आहे आणि आपल्या सीमाभागातल्या घराला तर तो फारच आहे, असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आजोबांच्या ट्रंकेत एकाच गाठोड्यात मोडीतली खरेदीपत्रे, १९५६ पूर्वीचे मुंबई राज्यातले मराठी कागद आणि त्यानंतरचे कन्नड उतारे आहेत. मोडीचे कागद घडीवर फाटत चालले आहेत, आणि खानापूर तालुक्याच्या पावसात ट्रंकेलाही ओल धरते. तेव्हा मिरगाच्या आधी एखाद्या सकाळी प्रत्येक कागदाचा, मागच्या बाजूच्या शिक्क्यांसह, फोटो काढून ठेवावा. माजघरात उजेड कमी पडतो. सोप्यात दाराजवळ गडद रंगाची चादर अंथरून तीवर कागद सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा, फोन कागदाच्या बरोबर वर धरावा, चारही कोपरे दिसत आहेत आणि आपली सावली पडलेली नाही हे पाहावे, पडद्यावर अक्षरांवर बोट टेकवावे आणि ती स्वच्छ दिसू लागल्यावरच बटण दाबावे. त्याआधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसायला विसरू नका. आईचे फोटो धुरकट येतात, त्याचे कारण बहुधा काचेवर लागलेले तेलकट बोट हेच असावे. कोर्टकचेरीत मूळ कागदच लागतो, त्यामुळे तो जपायचाच. पण मोडी जाणणाऱ्याला दाखवण्यासाठी तो जीर्ण कागद पिशवीत घालून बेळगावला नेण्याची गरज उरणार नाही.

बाबा, पंचायतीची कन्नड नोटीस आली की ती वाचून घेण्यासाठी तुम्ही शेजारच्या मुलाची कॉलेजातून येण्याची वाट पाहता. गुगल लेन्स उघडून कॅमेरा नोटिशीवर धरला आणि भाषांतरासाठी मराठी निवडली, की छापील कन्नड मजकुराच्या जागी मराठी मजकूर दिसू लागतो. ही मराठी ओबडधोबड असते, हाताने लिहिलेले बहुतेक वेळा चुकते, आणि सर्व्हे नंबरात किंवा मुदतीच्या तारखेत चूक झालेली आपल्याला परवडणार नाही; म्हणून सही करण्यापूर्वी जाणकाराला दाखवाच. तरीही नोटीस कशाबद्दल आहे आणि तिला किती घाई आहे, एवढे तुमचे तुम्हाला त्याच क्षणी कळेल. उतारवयात कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हे मला फार मोलाचे वाटते.

आई, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे तुला दिसत नाहीत. फोटो काढून पडद्यावर दोन बोटांनी तो मोठा केला, की औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि मुदत सहज वाचता येते. दुकानदार पाकीट कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख असलेली कड कित्येकदा त्याच्याकडेच राहते, म्हणून कापण्याआधी तेथेच फोटो घेत जा.

घराच्या मागच्या मातीच्या भिंतीचेही फोटो आताच काढून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात किती घरे पडली, ते तुम्ही पाहिलेच आहे. पडझड झाली तर पंचनाम्याच्या वेळी आधीची आणि नंतरची अशी दोन्ही चित्रे हाताशी असावीत. फोटो केव्हा काढला ते फोन स्वतःच नोंदवतो, आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही.

भातावर करप्यासारखे ठिपके दिसले, तर पानामागे तळहात धरून जवळून फोटो घ्यावा आणि रयत संपर्क केंद्रात दाखवावा. तोंडी वर्णनावरून औषध आणू नये. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला, तर त्याचे टोक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर जांभळट चमकताना दिसला, तर रिमोट आणि त्यातले सेल ठीक आहेत. दुकानातला क्यूआर कोड मात्र पैसे देतानाच स्कॅन करायचा. पैसे मिळण्यासाठी स्कॅन करा किंवा पिन टाका असे कुणी सांगितले, तर तो फसवतो आहे असे समजून फोन ठेवून द्यावा.

सध्या बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे, दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. येथील डॉक्टरांना ते दाखवायचे आहेत. ट्रंकेचे काम मी गणपतीला येईन तोवर ठेवू नका. ताई येत्या रविवारी येणार आहे, तिला सोबत घेऊन सुरुवात करा.

तुमचा,
धाकटा