बाबांची ८०० आणि माझी दोन सीटची

आइंडहोव्हन
रविवार, दुपार

ति. आई आणि ति. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मध्येच बंड्या घुसतो, आणि माझं म्हणणं कुणालाच पोचत नाही. म्हणून या वेळी लिहूनच पाठवतेय. बंड्याला सांगितलंय, ऑफिसातून प्रिंट काढून आण, बाबांना एवढं मोठं मोबाइलवर वाचायला लावू नकोस. आम्ही चौघंही मजेत आहोत. छोटीचा खोकला पूर्ण गेला. मोठा व्यवस्थित जेवतो. त्या दिवशी व्हिडिओत बारीक दिसला तो कॅमेऱ्याचा दोष, पोराचा नाही. बाकी आमचं रोजचं तुम्हाला पाठ आहे, ते लिहीत बसत नाही.

आई, हल्ली तुझा फोन "विकलीस का गाडी?" इथूनच सुरू होतो. नाही विकली. आधी ऐकून तर घे.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. दोन मुलांची आई आणि दोन सीटची गाडी, हे तू आत्याला, शेजारच्या काकूंना आणि बहुतेक ठाण्यात कोपिनेश्वराच्या देवळात भेटणाऱ्या सगळ्यांनाच ऐकवलं असशील. बरोबरच आहे तुझं. माझदाने १९८९ साली ही एमएक्स-५ काढली ती दोघांसाठी, आणि आजवर दोघांसाठीच ठेवली. मागे सीट नाही, बसवू म्हटलं तर जागाही नाही. डिकी दीडशे लिटरचीसुद्धा नाही. बाबागाडी घडी करून आत कोंबली की डायपरची पिशवी बाहेर राहते. शिवाय इथे नेदरलँड्समध्ये १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रत्येक मुलाला गाडीत त्याच्या मापाची सीट लागते. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची, आणि समोरची एअरबॅग चालू असेल तर तिथे बसवायचीच नाही. त्यातूनही एकाला घेऊन निघाले, तर दुसरं मूल आणि त्याचा बाप घरी. हे सगळं माहीत आहे गं मला. मला मुलं झालीत, अक्कल गेलेली नाही.

पण ती गाडी काय आहे ते बाबांना विचार. इथे आले होते तेव्हा छप्पर मागे टाकून आम्ही दोघं आफ्स्लाउटडाइकवरून गेलो होतो. समुद्र अडवायला १९३२ साली पुरा केलेला ३२ किलोमीटरचा बांध, दोन्ही बाजूंना पाणी. बाबांनी कानटोपी घातलेली, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी. सगळा बांध संपेपर्यंत अक्षर बोलले नाहीत आणि पलीकडे उतरल्यावर म्हणाले, "गिअर छान पडतो." तुला हे त्यांनी सांगितलं नसणार. मला येऊरच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरायला शिकवणाऱ्या माणसाचं हे सर्टिफिकेट आहे. आणि ती मी माझ्या पैशांनी घेतलेली पहिली मोठी वस्तू आहे, लग्नाच्याही आधीची. तुमचे जावई नंतर आले.

आता त्या सायकलीचं. फोटो बघितल्यापासून तू बाबांना झोपू देत नाहीस असं कळलं. "भंगारवाल्याच्या गाडीत पोरं घातलीन कार्टीने," असं म्हणालीस म्हणे. तर नीट समजावून सांगते, म्हणजे काकूंनाही सांगता येईल. तिला इथे बाकफीट्स म्हणतात. पुढे मोठी लाकडी पेटी, पेटीत मुलांना बसायला छोटं बाक, बाकाला पट्टे, आणि मागे बसून आपण पेडल मारायचं. पूर्वी बेकरीवाले आणि दूधवाले असल्याच सायकलींवरून घरोघर माल टाकायचे, आता मालाच्या जागी मुलं आली. शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोर या सायकलींची रांग लागते, आणि त्या चालवणाऱ्यांत डॉक्टर असतात, वकील असतात, बँकेतल्या मोठ्या साहेबीणबाई असतात. गरिबीचा काही संबंध नाही. उलट बॅटरीवाली नवी घ्यायची तर पाच-सहा हजार युरो मोजावे लागतात, तेवढ्यात आपल्याकडे नवी अल्टो दारात येईल. आम्ही जुनी घेतली, घाबरू नकोस.

पाऊस आला की पेटीवर पारदर्शक प्लास्टिकचा तंबू चढवायचा. पोरं कोरडी राहतात, भिजते ती मी. थंडीसाठी तू शिवलेली गोधडी कायम त्या पेटीतच असते, आणि छोटी तिच्याशिवाय आत बसत नाही. हेल्मेट इथले बहुतेक लोक स्वतःही घालत नाहीत आणि पोरांनाही घालत नाहीत. मी दोघांना घालते, आणि बाकीच्या आया माझ्याकडे बघून गोड हसतात. हसू देत.

आणि रस्त्यांचं म्हणशील, तर सायकलींचा रस्ता वेगळा असतो, बहुतेक ठिकाणी लाल डांबराचा. हे काही इथे पहिल्यापासून नव्हतं. १९७१ साली या एवढ्याशा देशात ३३०० च्या आसपास माणसं रस्त्यावरच्या अपघातांत दगावली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. तेव्हा आई-बापच रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्या चळवळीचं नाव. मग हळूहळू वेगळे रस्ते झाले, वस्तीतल्या गल्ल्यांत ताशी ३० ची मर्यादा आली. आता तर १४ वर्षांखालच्या सायकलवरच्या मुलाला मोटारीची धडक बसली, तर चूक मुलाची असली तरी भरपाई जवळपास नेहमी मोटारवाल्याच्याच माथी येते. त्यामुळे माझी पेटी दिसली की मोटारी आधीच थांबतात. नितीन कंपनीच्या सिग्नलला रुग्णवाहिकेलाही कुणी जागा देत नाही, तो हिशेब इथे लावू नकोस.

आणि तू मला विचारतेस? बाबांच्या चेतकवर पुढे हँडल धरून मी उभी, मागे तू आडवी बसलेली, मांडीवर बंड्या, वर एका हातात भाजीची पिशवी! हेल्मेट फक्त बाबांना, तेही हायवे लागला तर. त्या मानाने माझी पोरं राजेशाही थाटात फिरतात.

तर रोजची शाळा, पाळणाघर, बाजार हे सगळं त्या पेटीवर होतं. लांब जायला, डॉक्टरकडे जायला आम्ही जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतलीय, मागे लांब डिकीवाली. बाबा, सहाशे लिटरच्या वर जागा आहे, बाबागाडी घडीही न करता जाते. चालवायला काही मजा नाही. पण मुलांच्या दोन सीटा बसतात, आणि मागे बसून दोघं एकमेकांचे केस ओढतात.

बाबा, आता तुमच्याशी थोडं. आई माझ्या गाडीच्या मागे लागली की तुम्ही गप्प बसता, कारण खाली तुमची एमएच-०४ उभी आहे. १९९८ ची मारुती ८००. कंपनीने ती बनवणंसुद्धा २०१४ च्या सुरुवातीला बंद केलं. तुम्ही मात्र २०१३ ला पासिंग केलंत, २०१८ ला केलंत, २०२३ ला केलंत, दर वेळी हरित कर भरलात, आता नवी एचएसआरपी नंबरप्लेटही बसवलीत. आणि दर वेळी कारण तेच, नातवंडं येतील तेव्हा घरची गाडी हवी.

मागच्या खेपेला मोठ्याची सीट घेऊन आले होते ती ८०० मध्ये बसेना. मागे पट्टेच नाहीत. तुम्ही डिकीतून नायलॉनची दोरी काढलीत. आई म्हणाली, आजीच्या मांडीइतकं सुरक्षित काय असतं. मी टॅक्सी बोलावली, त्यात सीट बांधली, आणि एअरपोर्टपासून घरापर्यंत तुम्ही आमच्या मागून आलात, ८०० मध्ये नुसत्या बॅगा घेऊन. घोडबंदरला मेट्रोच्या कामाने किती ट्रॅफिक होतं यावर तुम्ही जेवताना पुष्कळ बोललात. दोरीबद्दल काही बोलला नाहीत. मीही नाही.

आता लिहिते, रागावू नका. यंदाही आम्ही टॅक्सीनेच येऊ. कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड. कुणी पकडत नाही ती गोष्ट वेगळी. पण मला दंडाची भीती नाही वाटत, तुम्हालाही ते माहीत आहे. फक्त ८०० नातवंडांसाठी ठेवलीय असं यापुढे म्हणू नका. ठेवायची तर तुमच्यासाठी ठेवा. सकाळी तलावपाळीला चक्कर, गडकरी रंगायतनपाशी गाडी लावून चहा, येताना पेपर. एवढं कारण भरपूर झालं, त्याला आमचं नाव कशाला लावायचं? इथल्या मैत्रिणी माझ्या गाडीबद्दल सुचवतात, सांग ना घरी की मुलं अठरा वर्षांची झाल्यावर त्यांना चालवायला ठेवलीय. मी नाही सांगत तसं. अठराव्या वर्षी त्यांना ती आवडेल कशावरून? मला आवडते म्हणून ठेवतेय.

ठरलंय ते असं. इथल्या आरटीओकडे गाडी वर्षभरासाठी स्थगित करून ठेवता येते, नंतर हवं तर पुन्हा. थोडी फी भरायची, मग रोड टॅक्स थांबतो, विमा आणि तपासणीची सक्तीही थांबते. अट एकच, तेवढे दिवस ती सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, नुसती उभीसुद्धा करायची नाही. जावयांच्या एका सहकाऱ्याचं गावाकडे धान्याचं कोठार रिकामं आहे, तिथे झाकून ठेवणार. वर्षाने बघू. आई, तू म्हणशील ही विकायची टाळाटाळ आहे. असेल थोडी.

विकून पाच हजार युरोच्या आतबाहेर आले असते आणि ते बंड्याच्या लग्नाला लागले असते, हेही मला कळतं. तू ते एकदाही बोलली नाहीस, तरी ऐकू आलं. म्हणून सांगते, हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे परवाच बंड्याच्या खात्यात टाकलेत. ते गाडीचे नाहीत, माझ्या साठवणीतले आहेत. बाकीचे जानेवारीत. मी आता आठवड्यातून तीनच दिवस कामावर जाते आणि पाळणाघर फार खातं, त्यामुळे एकरकमी जमत नाही. पण कर्ज काढू नका. बाबांनी एफडी मोडायची तर अजिबात गरज नाही. रिडेव्हलपमेंटचा करार झाला की बिल्डरकडून भाडं सुरू होईल तोवरच ओढाताण आहे, त्या आधी घर खाली करू नका. भाड्याच्या घराला एकच पार्किंग मिळणार असेल तर ते ८०० ला द्या. बंड्या तरुण आहे, शोधेल जागा. महिन्याचं पार्किंग घ्यावं लागलं तर ते मी देईन, आणि हे त्याला मी आधीच सांगितलंय, त्यामुळे तो तोंड वाकडं करणार नाही.

लग्न फेब्रुवारीतच धरा. छोटी एप्रिलमध्ये दोन वर्षांची होईल, मग तिचंही वेगळं तिकीट लागतं. साखरपुड्याला जमत नाही गं आई. खूप जुळवून बघितलं. व्हिडिओवर असेन, साडीही नेसेन, पण तू मुलीकडच्यांसमोर फोन हातात घेऊन रडू नकोस. हळदीच्या आदल्या दिवशी पोचू. दोन आठवड्यांचीच रजा आहे, त्यातले थोडे दिवस सासरी पनवेलला द्यावे लागतील, तेव्हा "आलीस काय, गेलीस काय" हे या वेळी आधीच म्हणून घे. नव्या सुनेला सांग, नणंद भांडखोर नाही, लांब आहे. तिच्या बांगड्यांचं माझ्याकडे लागलं, तू तुझ्या मोडू नकोस. आणि तिला गाडी येत असेल तर बाबा, एकदा ८०० तिच्या हातात देऊन बघा.

औषधं वेळेवर घ्या दोघांनी. बाबांची साखर तपासून किती आली ते मला कळवा. "नॉर्मल आहे" एवढं कळवू नका, आकडा कळवा.

तुमची,
माऊ

ता. क. सीट बसेल अशी टॅक्सी बंड्या बघतोय, त्यात बाबांनी पडू नये. इकडे येणारं कुणी सापडलं तर मेतकूट थोडं आणि भाजणी जास्त पाठव. मोठ्याला थालीपीठ आवडायला लागलंय, आणि इथली पिठं त्याला चालत नाहीत.