मागच्या बाजूच्या खोलीबद्दल, दादा, मनापासून थँक यू

दादा नमस्कार, मी मे महिन्याच्या शेवटी अण्णांना घेऊन आलेली, तिसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत आठवडाभर राहिलेली. तुमचं आणि लॉजचं नाव इथे टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण पुणे स्टेशनजवळ रात्रपाळीला काउंटरवर असणाऱ्या तुमच्यापर्यंत कोणीतरी हे पोचवेल, आणि नाही पोचलं तरी मला लिहायचंच होतं, कारण निघताना रिक्षा उभी, बॅगा खाली, त्या गडबडीत "येतो हं दादा" एवढंच तोंडातून निघालं.

अण्णांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता हे तुम्हाला माहितीय. ऑपरेशन चांगलं झालं पण डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो बुडबुडा सारखा वर जायला बघतो, त्यामुळे माणूस पालथा राहिला की तो मागच्या पडद्याला दाबून धरतो आणि पडदा जागेवर चिकटतो. म्हणजे जेवण आणि बाथरूम सोडलं तर दिवसरात्र तोंड खाली. विमान बंद, घाट चढणं बंद, टीव्ही नाही, पेपर नाही. आणि सुरुवातीला रोज तपासणी, त्यामुळे दौंडला घरी जाऊन परत येणं शक्यच नव्हतं.

आता अण्णा म्हणजे एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड. २०२२ पासून त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्याकडे अजून गार्डच. आम्ही दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, गाडीचा आवाज आला नाही तर आम्हाला झोप लागत नाही हे अगदी खरं सांगते. पहिल्या रात्री आम्ही दुसऱ्या एका हॉटेलात होतो, एसी, काचा बंद, एकदम शांत, आणि अण्णा रात्रभर तळमळत होते. पालथं पडलेला माणूस, दिसायला फक्त फरशी, ऐकायला एसीची घरघर. सकाळी मी तिथे विचारलं की रुळाच्या बाजूची खोली मिळेल का, तर काउंटरवरचा मुलगा हसायलाच लागला, म्हणाला मॅडम लोक आवाजामुळे तिथून खोली बदलून मागतात.

मग तुमच्या लॉजवर येऊन तेच विचारलं, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही फक्त विचारलंत, "काका कुठल्या सेक्शनला होते?" मी म्हटलं दौंड-पुणे, मिरजेकडे पण, तर तुम्ही किल्ली बदललीत, वर येऊन ती जाम झालेली खिडकी हातोडीने ठोकून उघडून दिलीत. समोर सगळे रूळच रूळ. खालून ते जुनं लोखंडी टेबल आणलंत, त्यावर दोन उशा मधे फट ठेवून बांधल्यात, म्हणजे अण्णांना खुर्चीत बसून कपाळ टेकवता येईल. डॉक्टरांनी तसली खुर्ची भाड्याने मिळते म्हणून सांगितलं होतं, पण अण्णांना हेच टेबल जास्त बरं वाटलं.

मग आमचा दिनक्रमच ठरला. अण्णा डोकं खाली घालून आवाजावरून गाडी ओळखणार आणि मी खिडकीत उभी राहून बरोबर की चूक ते बघून सांगणार. "डिझेल आहे, शंटिंग चाललंय," बरोबर. "लोकल, लोणावळा," बरोबर. मालगाडी आली की मोजायचे, एकदा म्हणाले अठ्ठावन्न वॅगन आणि ब्रेक व्हॅन, म्हणजे शेवटचा गार्डाचा डबा, मी सत्तावन्न मोजले होते आणि मला खात्री आहे की चूक माझीच. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला एक मालगाडी गेली त्यात मधेच एकसारखं ठक ठक ठक, मला तर कळलंच नाही, अण्णा म्हणाले एका चाकाला फ्लॅट पडलाय, ब्रेक धरून चाक घासत गेलं की एका जागी चपटं होतं, मग प्रत्येक फेऱ्याला रुळावर आपटतं. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा एवढं सलग बोलले. त्याआधी दोन दिवस हो, नाही, पाणी दे, इतकंच चाललं होतं आणि मी आतून फार घाबरले होते, डोळ्यापेक्षा त्या गप्प बसण्याला.

आणि तुमचा तो सकाळचा इंटरकॉम! सव्वासातला मुंबईची डेक्कन क्वीन सुटायच्या आधी बरोबर पाच मिनिटं, "काकांना सांगा, लागलीय." चहाचा थर्मास तर न सांगता वर यायचा. अण्णांचं म्हणणं जुने डबे काढून एलएचबी, म्हणजे नवीन पद्धतीचे डबे लावल्यापासून क्वीनचा आवाज पार बदललाय, गुळगुळीत झालाय, यावर तुम्ही दोघं दारात उभं राहून (म्हणजे तुम्ही उभे, ते पालथे) अर्धा तास बोललात, मला तेव्हा खाली मेडिकलमध्ये ड्रॉप्स आणायला जाता आलं, निर्धास्त. एकट्या बाईला पेशंट सोडून दहा मिनिटं बाहेर पडता येणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

३१ मेला डॉक्टरांनी उठून बसायला परवानगी दिली, आम्ही त्याच संध्याकाळी निघणार होतो. तुम्ही म्हणालात, उद्या १ जून आहे काका, क्वीनचा वाढदिवस, १९३० पासूनची गाडी आहे, तिला बघून जा. त्या रात्रीचं भाडं तुम्ही घेतलं नाहीत, मी तीनदा पैसे काउंटरवर ठेवले, तुम्ही तीनदा परत केलेत. सकाळी तुमची ड्युटी सातला संपली तरी तुम्ही थांबलात, वर आलात, अण्णांना दंडाला धरून खिडकीशी नेलंत. इंजिनाला झेंडूच्या माळा, स्टेशनातून वाद्यं वाजवल्याचा आवाज, आणि गाडी हळूहळू समोरून गेली. अण्णा एका डोळ्याने बघत होते. इंजिन गेल्यावर मी मागे फिरले पण ते हलले नाहीत, अगदी शेवटचा डबा जाईपर्यंत. मग म्हणाले, "एलव्हीचा बोर्ड आहे. गाडी पूर्ण गेली." (एलव्ही म्हणजे लास्ट व्हेईकल, शेवटच्या डब्याची पाटी.) तुम्ही म्हणालात, "हो काका, पूर्ण."

बुडबुडा आता विरघळलाय, डोळ्याला अजून धुरकट दिसतं पण खिडकीची चौकट सरळ दिसते म्हणतात. पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय, दोन रात्री. तीच खोली ठेवा दादा, आणि यावेळी भाडं घ्यायचं. अण्णा तुमच्यासाठी त्यांची जुनी गार्डाची शिट्टी आणणार आहेत, घासून पुसून ठेवलीय.