‘हम दोनो’ पाहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

रविवारी ‘हम दोनो’ पुन्हा पाहिला आणि तुम्हा दोघांना लिहिल्याशिवाय राहवेना. २०११ साली तो रंगीत करून थिएटरात आणला होता, पण मी १९६१चा मूळ कृष्णधवलच लावला. साधनाच्या चेहऱ्यावरची ती सावली रंगांत हरवते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

लहानपणी मला त्यात फक्त देव आनंदचा डबल रोल, त्याच्या प्रेयसीने, म्हणजे साधनाच्या मीताने, दिलेला लायटर आणि त्याची ती धून एवढंच दिसायचं. संगीतकार जयदेवांची गाणी तर घरातलीच. ‘मैं ज़िंदगी का साथ’ सुरू झालं की बाबांचा हात आपोआप रेडिओच्या बटणाकडे जायचा, आवाज वाढवायला. आता मात्र माझं लक्ष मागे राहिलेल्या बायकांकडेच जातं.

नायक आनंद (पात्राचं नावही तेच) सैन्यात भरती होऊन बर्मा आघाडीवर जातो आणि इकडे त्याच्या आईचं सगळं मीता करते. लग्न झालेलं नाही, घरून विरोध, तरीही. तो परत येतो तेव्हा आई गेलेली असते. लीला चिटणीस त्या भूमिकेत फार थोडा वेळ आहेत, पण घर रिकामं झाल्याचं जाणवतं ते त्यांच्यामुळेच. आई, हे बघताना मला तूच आठवलीस. बाबा पलटणीत, आजी अंथरुणाला खिळलेली, आणि तू तिला भरवून, पुसून काढून मग रात्री आंतरदेशीय पत्र लिहायला बसायचीस. पत्त्यात ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. गावाचं नाव नाही, डोंगराचं नाही, नुसता आकडा. आजीचं दुखणं वाढल्याचं तू त्यात कधीच लिहिलं नाहीस. बाबांना तिकडे काळजी नको, म्हणून.

तसंच खोटं आनंद बोलतो. देव आनंदचाच दुसरा रोल असलेला मेजर वर्मा लढाईत बेपत्ता आहे, हे सांगायला आनंद मेजरच्या घरी जातो, आणि हुबेहूब मेजरसारखाच दिसतो म्हणून घरचे त्यालाच मेजर समजतात. मेजरच्या बायकोची, रुमाची, तब्येत इतकी नाजूक की धक्का सोसणार नाही. मग तो गप्प राहतो. रुमा झालेल्या नंदाचं काम मला इथे सगळ्यात मोठं वाटतं. नवरा जिवंत परत आला म्हणून आनंदलेली बाई, आणि तो जवळ का येत नाही, नजर का चुकवतो, हे न कळून आतल्या आत तुटणारी. मास्टर विनायकांची ही मुलगी रडण्याचा गाजावाजा करत नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहते. ललिता पवारही तिथे सासूच आहेत, पण मायाळू.

‘अल्लाह तेरो नाम’ तर मी थांबवून पुन्हा लावलं. गीतकार साहिरने त्यात शत्रूचा नाश मागितलेला नाही. कुणाचं कुंकू पुसलं जाऊ नये, आयाबहिणींची आशा तुटू नये आणि बलवानांना शहाणपण यावं, एवढंच मागितलंय. लढाईवरच्या सिनेमात असं मागणं आलं, याचं मला फार अप्रूप आहे. लताबाईंचा आवाज कुठेही चढत नाही. आपल्या घरी हे गाणं लागलं की बाबा एकदम अबोल व्हायचे, ते का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

लढाईचे प्रसंग मला सेटवरचे वाटले, आणि शेवट जरा घाईने जुळवलाय. पण पाय गमावून परतलेला मेजर आपल्या जागी दुसरा उभा पाहतो, तेव्हाचा त्याचा राग खरा आहे. बाबा, याबद्दल तुमचं मत हवं आहे. ‘मिसिंग’ची तार एखाद्या घरी गेली की पलटणीत त्याबद्दल काय बोलायचे? कुणी सुट्टीवर जाताना त्या घरी जाऊन यायचं का? आणि आई, बाबांची चिठ्ठी महिना महिना यायची नाही, तेव्हा तू कुणाशी बोलायचीस?

गणपतीत येतेच आहे, तेव्हा तिघांनी मिळून बघू. तोवर या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवा, दोघांनी वेगवेगळी. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची लेक