काळ्या पट्ट्याआधी सानचिन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा संपल्या की गंगापूर रोड, सिडको, पंचवटीत कराटेच्या उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. चित्र ठरलेले: हवेत लाथ मारणारा मुलगा आणि फुटणारी कौले. काही फलकांवर 'गोजू-ऱ्यू' असे शैलीचे नावही असते. या शैलीचा गाभा फोडाफोडीत नसून श्वासात आहे, हे मात्र पालकांना क्वचितच सांगितले जाते.

जपानच्या ओकिनावा बेटावरील नाहा हे तिचे मूळ गाव. कानऱ्यो हिगाओन्ना चीनमधील फुजौ येथे शिकून परतले आणि त्यांचे शिष्य चोजुन मियागी (१८८८-१९५३) यांनी त्या शिक्षणाची घडी बसवली. 'बुबिशी' या जुन्या चिनी संग्रहात श्वास घेण्या-सोडण्यात कठोर व मृदू दोन्ही असते, अशा अर्थाची ओळ आहे. मियागींनी शैलीचे नाव तिच्यावरून घेतले: 'गो' म्हणजे कठोर, 'जू' म्हणजे मृदू. १९३३ मध्ये जपानच्या बुतोकुकाई या युद्धकलांच्या संस्थेत त्याची नोंद झाली.

सानचिन हा या शैलीचा पायाभूत काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचा संच. पावले खांद्यांइतकी रुंद. पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याच्या रेषेत, पुढचे पाऊल किंचित आत वळलेले. गुडघे थोडे वाकलेले, कंबर खालून पुढे ओढलेली, कोपर बरगड्यांपासून एका मुठीवर. श्वास नाकाने पोटापर्यंत घ्यायचा, तोंडाने सोडायचा. हात आणि श्वास एकाच वेळी संपले पाहिजेत.

चूक बहुतेकदा इथेच होते. जोर दाखवायच्या नादात मुले श्वास कोंडतात, खांदे कानांकडे चढतात, चेहरा लाल होतो. कोंडलेल्या श्वासावर ताण दिला की रक्तदाब एकदम वाढतो, म्हणून रक्तदाब किंवा हर्निया असलेल्या मोठ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काता जोराने करू नये. घशातून घरघर काढणे म्हणजे सानचिन नव्हे, ते नुसते घसा खरवडणे. अंगावर चापट्या मारून ताण तपासण्याची 'शिमे' ही पद्धत लहान मुलांवर वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नुसता कठोरपणा शिकवला तर शैली अर्धीच राहते. मियागींनी १९२१ मध्ये 'तेन्शो' हा काता बसवला तो उघड्या तळव्यांचा, मनगट गोलाकार फिरवण्याचा. येणारा ठोसा अडवण्याऐवजी वळवायचा कसा, हे त्यात कळते. नवशिक्यांसाठी त्यांनीच १९४० मध्ये सोपे 'गेकिसाई' काते तयार केले. शिबिरात सुरुवात त्यांच्यापासून करावी. दांड्याला दगड बसवलेली 'ची-इशी' आपल्या तालमीतल्या मुद्गलाच्या जवळची आहे. मनगट आणि खांदा तयार करायला ती चांगली, पण वाढत्या वयात वजन हलकेच हवे.

राहिला पट्ट्याचा प्रश्न. मियागींनी हयातीत कोणालाही दान (काळ्या पट्ट्याची) श्रेणी दिली नाही, असे या परंपरेत सांगतात. आज श्रेणी असायला आमची हरकत नाही. पण परीक्षेत कौल फुटले की टाळ्या आणि सानचिन दोन मिनिटांत उरकले, हे उलटे आहे. पालकांनी परीक्षेच्या दिवशी पुढच्या रांगेत बसून मुलाचे फक्त खांदे पाहावेत. श्वास घेताना ते वर जात असतील, तर पुढच्या पट्ट्याचे शुल्क भरण्याआधी प्रशिक्षकांना त्याबद्दल जरूर विचारावे.

– गोजू-ऱ्यूचे काही प्रशिक्षक, नाशिक