वरचं पाणी

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझे चार फोन आले, एकही उचलला नाही. रागावला असशील, रागाव. माझं बरं आहे, आईचे गुडघे तसेच. दादाचं कसं सांगावं कळत नव्हतं.

त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, किडनीचं काम दाखवणारं, ३.४ आलं. मीच लावलं होतं. मशीन पडताळायला कंट्रोल नमुना घालून परत लावलं, तेच. तीन वर्षं त्याचे नमुने माझ्याच हातून गेलेत रे! १.१, १.२, पुन्हा १.१. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन कधी काहीच नाही, कधी नुसतं ट्रेस. एवढा जुना मधुमेह, तरी मायक्रोअल्ब्युमिन, लघवीतलं अगदी थोडं प्रथिन पकडणारी तपासणी, कुणी लिहून दिलं नाही आणि मीही आपणहून लावलं नाही. किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन फारसं हलत नाही, हे डीएमएलटीला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, आपण दोघांनी घोकलेलं. वहिनीला हे सांगायची छाती नाही. तुला सांगतोय.

तेव्हापासून रात्री वाचत बसतो. आपण लघवी सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये पाच मिनिटं फिरवतो, वरचं पाणी बेसिनमध्ये ओततो, तळाचा गाळ काचेवर घेतो. वीस वर्षं हेच केलं. आणि किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी आपल्याच अंगाचे बारीक फुगे लघवीत सोडतात, ते त्या वरच्या पाण्यातच राहतात! मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, त्याहूनही लहान. आपल्या मशीनला ते बसत नाहीत, कितीतरी जास्त वेगानं फिरणारं अल्ट्रासेंट्रीफ्यूज लागतं. त्या फुग्यांवर पेशीची प्रथिनं जशीच्या तशी असतात, पाण्याला वाट देणारं अ‍ॅक्वापोरिनसुद्धा.

आठवलं? २००३ साली पीटर अ‍ॅग्रेला या पाण्याच्या वाटेच्या शोधाचं नोबेल मिळालं तेव्हा तू भांडला होतास, पाणी पडद्यातून आपसूक झिरपतं, त्याला वेगळं दार कशाला म्हणून. बेडकाच्या अंड्यात ते प्रथिन तयार करवलं आणि अंडं पातळ द्रावात टाकलं की फुगून फुटतं, हे सांगूनही ऐकलं नाहीस. हरलेल्या पैजेचा चहा अजून बाकी आहे, व्याजासकट भजी लागतील.

किडनीत दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं, दीडेक लिटर बाहेर पडतं. परत येणाऱ्यातलं बहुतेक पहिल्याच नळीत अ‍ॅक्वापोरिन-१ च्या सदा उघड्या वाटांनी येतं. शेवटी अ‍ॅक्वापोरिन-२, तिथं मात्र चावीवाला लागतो. मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन आलं तर वाट उघडणार. आमच्या गल्लीत चार दिवसांनी नळाचं पाणी सोडायला चावीवाला येतो, तसंच.

उंदराच्या किडनीचं रक्त थोडा वेळ तोडलं तर फुग्यांमधलं १ नंबरचं घटतं. मधुमेहानं किडनी बिघडलेल्या माणसांच्या लघवीत २ आणि ५ वाढलेले सापडलेत. पण सुध्या, २ नंबरचं तर नुसत्या तहानेनंही वाढतं. मे महिन्यात यंत्रमागाशी दिवसभर उभा राहणारा आपला माणूस, त्याच्यात आजार किती आणि ऊन किती, हे कसं ओळखायचं? दादा तर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच टाळायचा. पाठ दुखली की मेडिकलमधून पेनकिलरची गोळी. तू त्याला त्यावरून एकदा झापलं होतंस, मी तुझ्यावरच चिडलो होतो. तुझं बरोबर होतं.

तुमच्या संस्थेत अल्ट्रासेंट्रीफ्यूज आहे ना? असं काम कुणी करतंय का, एवढं विचार. दादासाठी उशीर झालाय, मला माहीत आहे. पण त्याचा गण्या आता तिशीत आहे, शुगर काठावर आहे. या फुग्यांची तपासणी आमच्या टेबलावर येईस्तोवर त्याचं मायक्रोअल्ब्युमिन मी दरवर्षी लावणार, कुणी लिहून देवो न देवो.

पिंकीची दहावी झाली का? वहिनींना नमस्कार. शेंगाचटणी हुतात्मा एक्सप्रेसनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो.

काल दादाचा नमुना फिरवला आणि वरचं पाणी ओतवेना. ट्यूबवर नाव-तारीख घालून ती फ्रीझरमध्ये ठेवली. उणे २० वर किती टिकेल, कळव.

तुझा,
मन्या