उलटे कॅलिपर बसवणाऱ्याकडून

काका, नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहितोय. जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवायचं डोक्यात घेतलेले माझ्यासारखे पुष्कळ असतील. त्यांना तुमच्यासारखा मिस्त्री भेटेलच असं नाही. निदान तुम्ही मला काय दाखवलंत ते तरी त्यांच्या कानावर जाऊ दे.

त्या दिवशी मी आलो तो पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर ठेवून. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून घासणारे लायनर) असलेली माझी जुनी डिझेल एसयूव्ही. त्याआधी एका घाटात ती उतारावर थांबायचं नाव घेईना. पाय पेडलवर जीव खाऊन दाबलेला आणि लायनर जळल्याचा वास आत शिरलेला. ड्रम तापून फुगला की लायनरपासून लांब सरकतो आणि लायनरची पकडही जाते, हे नंतर तुमच्याकडून कळलं. त्यात मी हौसेने टायर मोठे टाकलेले. चाकाचा घेर वाढला की तेवढाच ब्रेक कमी पडतो, हेही तुम्हीच सांगितलंत. मला तेव्हा एकच कळत होतं, आता डिस्क पाहिजे. किट मागवलं, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क आणि त्यांना दोन पॅडच्या चिमटीत धरणारे कॅलिपर, आणि घरीच बसवलं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण नटांच्या कडा बघून तुम्ही ओळखलंत.

बसवल्यापासून पेडल स्पंजसारखं. दोन संध्याकाळ आम्ही ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली एअर काढत होतो. बायको आत बसून दाबतेय, मी चाकापाशी आडवा पडून ओरडतोय, "धर! सोड! परत!" लिटरभर ब्रेक ऑइल बाटलीत गेलं. बुडबुडे यायचे थांबले, तरी पेडल अर्ध्याच्या खाली गेल्याशिवाय काही हाताला लागेना. ती म्हणाली, "मिस्त्रीला दाखव." मी म्हणालो, मास्टर सिलिंडर गेलाय, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो.

तुम्ही चाक काढायला लावलंत, उकिडवे बसलात आणि कॅलिपरच्या खालच्या टोकाला बोट लावलंत.

"साहेब, हवा वर जाते का खाली?"

"वर."

"मग निपल कुठे पाहिजे?"

निपल खाली होतं. डाव्या बाजूचा कॅलिपर मी उजवीकडे बसवला होता आणि उजवीकडचा डावीकडे. दोन्ही सारखेच दिसतात, बोल्ट बरोबर बसतात, नळीही पोचते. फक्त एअर काढायचं भोक तळाशी येतं. तिथून ऑइल छान वाहत होतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात निवांत बसून होती. आयुष्यभर एअर काढत बसलो असतो तरी ती निघाली नसती.

मागे उभी असलेली पोरं हसायला लागली. तुम्ही नुसतं वळून पाहिलंत आणि ती गप्प झाली. मग पाना माझ्या हातात दिलात. "तुम्ही लावलेत, तुम्हीच काढा." काका, पहिले आभार त्या पान्याचे. तुम्ही स्वतः केलं असतंत तर दहा मिनिटांत उरकलं असतं. मला पाऊण तास लागला आणि तो सगळा वेळ तुम्ही शेजारी बसून होता.

माझ्या पिशवीतली ब्रेक ऑइलची नवी बाटली तुम्ही बाजूला काढून ठेवलीत, तीही आठवते. डॉट 5; डॉट म्हणजे ब्रेक ऑइलच्या प्रकाराचा नंबर. चारापेक्षा पाच मोठे म्हणून मी आणलेली. डॉट 5 सिलिकॉनचं असतं आणि गाडीतल्या डॉट 3, डॉट 4 मध्ये ते मिसळत नाही, डॉट 5.1 मिसळतं, पण ते नाव सारखं असलं तरी जात वेगळी. असं नाव ठेवणाऱ्याला एकदा गाडीखाली झोपवलं पाहिजे.

मला वाटलं काम झालं. तुम्ही म्हणालात, एक चक्कर मारून या आणि आल्यावर ब्रेक न दाबता चाकाला हात लावून बघा. दोन किलोमीटरमध्ये पुढची दोन्ही चाकं एवढी तापली की हात धरवेना. पॅड डिस्कला घासत होते. जुना मास्टर सिलिंडर ड्रमचा. त्याच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला लायनर मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, म्हणून चालतं. कॅलिपरला तशी स्प्रिंग नाही, त्यामुळे तेवढ्या दाबानेही पॅड चिकटून राहतात. म्हणजे मास्टर सिलिंडर बदलायचाच होता. माझं निदान बरोबर आणि कारण साफ चूक.

बूस्टरची, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर पायाचा दाब वाढवणाऱ्या डब्याची, गोष्ट तर मी आता भेटेल त्याला सांगतो. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायचं, पाय तसाच ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. माझं जागचं हललं नाही. अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्यूम पंपापासून येणारा पाइप चिरला होता. ड्रमचा पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो, त्यामुळे इतकी वर्षं कमी व्हॅक्यूमवरही माझं भागत होतं. डिस्क अशी मदत करत नाही, तिला दाब पुरा लागतो.

आणि तो पुरा दाब मिळाल्यावर ओल्या मोकळ्या मैदानात मागची चाकं आधी जाम झाली, गाडीची शेपूट बाजूला गेली. मला घाम फुटला. तुम्ही शेजारच्या सीटवर, "हेच बघायचं होतं." मागच्या लाइनमध्ये दाब कमी करायचा व्हॉल्व्ह टाकलात, अर्धा-अर्धा आटा फिरवत पुढची चाकं आधी अडेपर्यंत सात-आठ वेळा तेच मैदान.

जे लावलं नाहीत त्याचेही आभार. भोकं पाडलेल्या डिस्क मला फार हव्या होत्या. तुम्ही साध्या ठेवल्यात; भोकांपाशी चिरा जातात, आणि थंड ब्रेकवर तुमचे ड्रमसुद्धा चाक जाम करत होतेच की, म्हणालात. त्यापुढे टायर रस्ता धरेल तेवढंच. डिस्क घ्यायची ती उष्णतेसाठी. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते, हे मी शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

परवा तोच घाट उतरलो. दुसऱ्या गिअरमध्ये, मधूनमधून पाय लावत. खाली पोचल्यावर उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिले. बायको म्हणाली, "काय शोधतोयस?" पुढची दोन्ही सारखीच गरम होती.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, दोन वर्षांनी बदला, असं तुम्ही बजावलं होतंत. दोन वर्षं होत आली, पुढच्या महिन्यात येतो. मागच्या उजव्या चाकाच्या निपलवरची रबरी टोपी कुठेतरी पडली आहे. तुम्हाला दिसायच्या आत मीच सांगून टाकतो.

तुमचा,
उलटे कॅलिपरवाला