यादीतील ‘एकूण क्षेत्र’ येते कोठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीककर्जाची असो, हमीभावाच्या खरेदीची असो की अतिवृष्टीच्या अनुदानाची, कोणतीही यादी सोसायटीच्या फलकावर लागली की शेतकरी आधी आपले नाव शोधतो आणि लगेच त्यापुढचा ‘एकूण क्षेत्र’ हा रकाना पाहतो. आकडा चुकलेला दिसला तर ‘कॉम्प्युटरमध्ये तसेच आहे’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच मिटतो. संगणक बेरजेत सहसा चुकत नाही. कोणत्या ओळींची बेरीज करायची, हे त्याला सांगण्यात चूक होते. परभणी जिल्ह्यात डेटाबेस (संगणकातील तक्तेबद्ध माहितीसाठा) हा विषय शिकवताना अशा याद्या तपासून देण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते, म्हणून हे पत्र.

कागदावर ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. सातबारा हा गटाचा उतारा, तर आठ-अ हा खात्याचा; एका खात्यावर गावात जेवढे गट असतील, त्या सर्वांचे क्षेत्र व आकारणी आठ-अवर एकत्र येते. सोसायटीच्या संगणकातही असेच दोन तक्ते असतात. एकात प्रत्येक खात्याची एक ओळ, दुसऱ्यात प्रत्येक गटाची एक ओळ, आणि दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे खाते क्रमांक. पहिल्या तक्त्यातील ‘एकूण क्षेत्र’ हा रकाना दुसऱ्या तक्त्यातील बेरजेने भरायचा, एवढेच काम असते. परंतु गफलत होण्याच्या जागाही नेमक्या इथेच आहेत.

समजा, एका खात्यावर 0.80, 0.60 आणि 0.40 हेक्टरचे तीन गट आहेत, म्हणजे एकूण 1.80 हेक्टर, आणि त्याच खात्यावर कर्जाच्या दोन नोंदी आहेत. क्षेत्र आणि कर्ज या दोन्ही बेरजा एकाच फटक्यात उरकाव्यात म्हणून गटांचा व कर्जाचा असे दोन्ही तक्ते खात्याला एकदमच जोडले, तर प्रत्येक गट प्रत्येक कर्जासमोर एकदा येतो, तीनाच्या सहा ओळी होतात, क्षेत्र दुप्पट म्हणजे 3.60 हेक्टर निघते आणि कर्ज तिप्पट. 2 हेक्टरच्या आतला अल्पभूधारक अशा रीतीने एका आदेशासरशी मोठा शेतकरी ठरतो. यावर काही जण ‘सम’ या बेरजेच्या सूचनेच्या आत ‘डिस्टिंक्ट’, म्हणजे सारखा आकडा एकदाच धरण्याची सूचना, घालण्याची मलमपट्टी करतात, पण ती मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. कारण एकाच खात्यावर 0.40 हेक्टरचे दोन गट असले तर त्यातला एक गट गुपचूप गळतो आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. योग्य रीत अशी, की प्रत्येक तक्त्याची खातेनिहाय बेरीज ‘ग्रुप बाय’ या गटवारीच्या सूचनेने आधी स्वतंत्रपणे करावी आणि खात्याच्या ओळीशी जोडायच्या त्या या तयार बेरजा. बेरीज खाते क्रमांकावर व गावावर करावी, नावावर करू नये; एकाच नाव-आडनावाचे दोघे-तिघे खातेदार आपल्याकडे कोणत्याही मोठ्या गावात सापडतात.

दुसरी जागा अधिक फसवी आहे. ‘अपडेट’च्या, म्हणजे साठवलेला आकडा बदलण्याच्या, आदेशात ‘सम’ थेट लिहिले तर प्रचलित डेटाबेस प्रणाली आदेश नाकारतात, हे बरेच आहे. मग कोणी ‘जुन्या आकड्यात गटाचे क्षेत्र मिळवा’ असा आदेश गटांचा तक्ता जोडून देतो आणि तीनही गट मिळवले जातील असे धरून चालतो. पोस्टग्रेस असो वा मायएसक्यूएल, या दोन्ही प्रणालींत खात्याची ओळ त्या आदेशात एकदाच बदलते. तीनपैकी एकाच गटाचे क्षेत्र मिळते आणि चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही.

तिसरी बाब जमीन विकलेल्यांची. फेरफार मंजूर होऊन एखाद्याच्या खात्यावर एकही गट उरला नाही, तर जोडणीवर आधारलेला आदेश त्या खात्याला स्पर्शच करत नाही, कारण जुळणारी ओळच नसते. खरेदीदाराचे क्षेत्र वाढते, विकणाऱ्याचे जुने क्षेत्र तसेच राहते आणि तीच जमीन दोघांच्या नावे मोजली जाते. याउलट, सबक्वेरी (आदेशाच्या आतला उपप्रश्न) वापरून सर्व खात्यांवर आदेश चालवला तर अशा खात्यात शून्य येत नाही, ‘नल’, म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण, येते. ‘नल’ची कोणत्याही आकड्याशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. त्यामुळे ‘2 हेक्टरपर्यंत’ आणि ‘2 हेक्टरहून अधिक’ या दोन्ही याद्यांतून ते नाव गायब होते. ज्याच्या गटांची नोंद केवळ चढवायची राहून गेली आहे, असा शेतकरी यात सापडला तर त्याने दाद कोणत्या यादीविरुद्ध मागायची? म्हणून आदेश सर्व खात्यांवर चालवावा, बेरजेला ‘कोअलेस’ ही ‘नल’ऐवजी दुसरा आकडा धरणारी सूचना लावून रिकाम्या जागी शून्य आणावे आणि शून्य क्षेत्राच्या खात्यांची वेगळी यादी काढून ती माणसाने डोळ्यांखालून घालावी.

(जाता जाता: जुन्या वह्यांतून एकर-गुंठ्यांचे आकडे दशांश चिन्ह देऊन उतरवलेले असतील तर वरची सारी काळजी वाया जाते. 1 एकर 30 गुंठ्यांचे दोन तुकडे मिळून 3 एकर 20 गुंठे होतात, 1.30 अधिक 1.30 मात्र 2.60 देते.)

मुळात बेरीज साठवून ठेवावी का, हा प्रश्न उरतोच. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली, तेव्हाच एकीतून दुसरी निघू शकेल अशी माहिती दोनदा ठेवल्याने येणाऱ्या विसंगतीचा विचार केला होता. एका गावाच्या सोसायटीचा पसारा एवढा लहान असतो, की ‘व्ह्यू’ (साठवलेला प्रश्न, जो पाहताक्षणी उत्तर काढून दाखवतो) करून दरवेळी ताजी बेरीज काढली तरी यंत्रावर काही ताण पडत नाही, आणि माझे मत त्याच बाजूचे आहे. मात्र कर्जमंजुरीच्या दिवशी धरलेले क्षेत्र पुढे पुरावा म्हणून लागते. ते साठवावे लागेल, पण मग कोणत्या तारखेची बेरीज आहे हे शेजारच्या रकान्यात असलेच पाहिजे.

सोसायट्यांच्या सचिवांना आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की 31 मार्चच्या हिशेबाबरोबर या रकान्याचाही ताळा घ्यावा. सर्व खात्यांच्या ‘एकूण क्षेत्रा’ची बेरीज गटांच्या तक्त्यातील बेरजेशी जुळली पाहिजे, आदेश ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मागे घेता येईल अशा रीतीने, चालवावा आणि ताळा जमला तरच कमिट (कायम) करावा, नाहीतर रोलबॅक, म्हणजे बदल मागे. गावाचा ताळा जमला तरी दोन खात्यांतील चुका एकमेकींना झाकू शकतात, म्हणून जिथे साठवलेला आणि नव्याने काढलेला आकडा वेगळा निघेल, ती खाती दोन्ही आकड्यांसह खरिपाच्या कर्जवाटपाआधी फलकावर लावावीत.

आपला,
डेटाबेस विषयाचा एक अध्यापक
सेलू, जि. परभणी